कोलेस्टेरॉल आणि आपले घराणे

(अंथुर्णे येथे भरलेल्या आपल्या मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



आजच्या मेळाव्यात आरोग्याविषयी चार शब्द सांगावेत अशी आज्ञा मंडळाच्या चिटणीसांनी मला केली, तेव्हा प्रथम मी थोडा संकोचलो. सारी हयात रोगी तपासण्यात गेली. सभेत बोलण्याचा सराव नाही. परंतु ज्या गावच्या शाळेत मी मुळाक्षरे गिरवली आणि ज्या चारीच्या पाण्यात पोहावयास शिकलो, त्याच गावी आपल्या माणसांपुढे उभे राहण्याचा योग येत आहे, तर सांगून टाकावी अशी एक गोष्ट माझ्या मनात पुष्कळ वर्षे साठून राहिली आहे. ती सांगण्यासाठी मी कोलेस्टेरॉल हा विषय निवडला. विषय वैद्यकाचा असला तरी गोष्ट आपल्या घरांची आहे.

आरंभी माझ्या घरचीच हकीकत सांगतो. माझे थोरले बंधू शेती पाहत असत. अंगाने शिडशिडीत, कामाला वाघ. आजारपण त्यांना ठाऊक नव्हते. गावातील लठ्ठ मंडळींची ते थट्टा करीत आणि, "डॉक्टर, तुझे गिऱ्हाईक होणे माझ्या नशिबी नाही," असे मला हसत म्हणत. १९९८ सालच्या हिवाळ्यात उसाला पाणी देण्याची रात्रीची पाळी आटोपून ते पहाटे घरी आले, ते छाती चोळीतच. घामाने सदरा भिजलेला होता. वहिनींनी विचारले तेव्हा, "पित्त खवळले आहे, लिंबू-सोडा दे," एवढेच ते बोलले. दोन तास घरातच गेले. उजाडल्यावर गाडीत घालून बारामतीस निघाले. परंतु वाटेतच सर्व आटोपले. त्यांचे वय एकोणपन्नास होते.

तेराव्याच्या दिवशी पंगत उठल्यावर आमच्या आत्याबाई ओट्यावर बसल्या होत्या. त्या सहज म्हणाल्या, "तुझा बापही असाच गेला रे, बावन्नाव्या वर्षी. धाकटा चुलता तर चाळिशीतच गेला. आपल्या घराण्याला झटक्याचे मरण आहे." मंडळी, मी त्या वेळी चाळिशीचा, पंधरा वर्षे वैद्यकी केलेला मनुष्य होतो. शेकडो लोकांना मी रक्त तपासून घ्यावयास सांगितले होते. परंतु वडील, चुलते आणि बंधू या तीन मृत्यूंची एक ओळ मी कधी जुळवून पाहिली नव्हती. बंधू बारीक, म्हणून त्यांचे रक्त तपासण्याचे माझ्या मनातही आले नव्हते. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो हाच.

पुढल्या आठवड्यात आम्ही घरातील सर्वांची रक्ततपासणी केली. ज्यास वाईट कोलेस्टेरॉल म्हणतात, ते माझ्या रक्तात २१२ निघाले. माझ्या भगिनींचे १०८ होते. बंधूंचा मुलगा तेव्हा बावीस वर्षांचा होता, बापासारखाच सडपातळ. त्याचे २२४ भरले. हे आकडे शंभराच्या आत असावेत, अशी अपेक्षा असते. पुतण्याच्या अनुमतीनेच मी हे येथे सांगत आहे.

आता हे कोलेस्टेरॉल म्हणजे काय, ते पाहू. पुष्कळांची समजूत अशी की, तो एक विषारी पदार्थ असून तूप-अंड्यांतून पोटात शिरतो. ही समजूत बरोबर नाही. कोलेस्टेरॉल हा मेणासारखा एक स्निग्ध पदार्थ असून तो शरीरास अत्यावश्यक आहे. प्रत्येक पेशीच्या आवरणात तो असतो. अन्न पचविणारे पित्त, उन्हात त्वचेत तयार होणारे ड जीवनसत्त्व, तसेच स्त्री-पुरुषांच्या शरीरातील कित्येक स्राव त्याच्यापासूनच बनतात. शरीराला लागणारे बहुतेक कोलेस्टेरॉल शरीर स्वतःच निर्माण करते आणि त्या कामी यकृताचा वाटा मोठा असतो. आहारातून येणारा भाग त्या मानाने लहान. म्हणूनच जन्मभर तुळशीची माळ घातलेल्या शाकाहारी मनुष्याचेही कोलेस्टेरॉल वाढलेले आढळते. कोलेस्टेरॉल असणे हा दोष नव्हे. रक्तात ते गरजेहून अधिक काळ आणि अधिक प्रमाणात रेंगाळणे, हा दोष होय.

हे रेंगाळणे कसे घडते, ते आपल्या परिसरातील माणसास समजावून देणे सोपे आहे. गळिताच्या हंगामात भवानीनगरच्या कारखान्यापुढे उसाच्या गाड्यांची रांग आपण सर्वांनी पाहिली आहे. कोलेस्टेरॉल तेलकट आणि रक्त पाण्यासारखे, म्हणून ते एकटे वाहत नाही. त्याला गाडी लागते. एल.डी.एल. नावाच्या गाड्या हा माल लादून शरीरभर फिरतात आणि अखेरीस यकृताच्या दारी येतात. यकृताच्या पेशींवर त्यांना आत घेणारी दारे असतात. कारखान्याचे वजनकाटेच म्हणा ना! काटे भरपूर असतील तर गाड्या झटपट रिकाम्या होतात आणि रस्ता मोकळा राहतो. काटे थोडे चालू असतील तर रांग लांबते. उन्हात तिष्ठत राहिलेला ऊस जसा वाळून बिघडतो, तसा रक्तात फार काळ फिरत राहिलेला हा मालही बिघडतो आणि रक्तवाहिनीच्या भिंतीत शिरू लागतो. याखेरीज एच.डी.एल. नावाच्या दुसऱ्या गाड्या असतात. त्या वाटेत सांडलेला माल गोळा करून परत आणतात, म्हणून त्यांना चांगले कोलेस्टेरॉल म्हणण्याची रीत पडली आहे. तिसरा पदार्थ ट्रायग्लिसराइड. ही साठवणीची चरबी होय. तेला-तुपाइतकीच ती साखर, भात, मैदा आणि मद्य यांनीही वाढते.

रक्तवाहिनीत चरबी साचते याला पाटात गाळ बसण्याची उपमा देतात. परंतु ती अर्धीच खरी आहे. गाळ पाटाच्या तळाशी बसतो. ही चरबी भिंतीच्या आत, पापुद्र्याखाली साठते. तेथे तिचा फोड बनतो. कित्येक वर्षे तो काहीही त्रास देत नाही. दुखत नाही, खुपत नाही, दम लागत नाही. मग एखाद्या दिवशी त्या फोडाचा पापुद्रा फाटतो, त्यावर रक्ताची गुठळी धरते आणि हृदयाला रक्त पुरविणारी वाहिनी काही मिनिटांत बंद होते. यावरून ध्यानात येईल की, आदल्या दिवसापर्यंत धडधाकट असलेला मनुष्य दुसऱ्या दिवशी जातो, यात दैवाचा घाला वगैरे काही नसते. वीस-पंचवीस वर्षे ते काम मुकाट्याने चाललेले असते. फक्त ते कोणी मोजलेले नसते.

आमच्या घरात जे होते, त्याचा उलगडा करणाऱ्या शास्त्रज्ञांचे नाव येथे घेतले पाहिजे. अमेरिकेतील टेक्सास प्रांतात मायकेल ब्राउन व जोसेफ गोल्डस्टीन या दोघा डॉक्टरांनी ज्यांचे कोलेस्टेरॉल जन्मापासूनच भयंकर वाढलेले असते, अशा मुलांच्या पेशींचा अभ्यास केला. त्यांतून त्यांना १९७०च्या दशकात असे आढळले की, एल.डी.एल. आत घेणारी ती दारेच या मुलांच्या पेशींवर नसतात किंवा निकामी असतात. या शोधाबद्दल त्यांस १९८५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. हा दोष आईकडून किंवा बापाकडून मुलाकडे येतो. एकाकडून आला तर जवळजवळ अर्धी दारे जन्मापासून बंद असतात आणि हृद्रोग चाळिशी-पन्नाशीत किंवा त्याही आधी गाठतो. दोघांकडून आला तर मुलाला कोवळ्या वयातच हृद्रोग जडतो. सौम्य प्रकारचा हा दोष मुळीच दुर्मिळ नाही. जगात अनेक ठिकाणी केलेल्या पाहणीत साधारणतः अडीचशे ते तीनशे माणसांत एकास तो आढळला आहे. आजच्या मेळाव्यास जमलेला समुदाय पाहता, येथेही असे एक-दोन जण बसलेले असतील आणि त्यांस त्याची वार्ताही नसेल.

ज्ञातिमंडळाच्या व्यासपीठावरून एक नाजूक गोष्ट बोलणे मला भाग आहे. आपल्यात मामाच्या मुलीशी लग्न लावण्याची चाल आहे. त्यात प्रेम आहे, जमीनजुमल्याची सोय आहे, हे मी जाणतो. परंतु एकाच आजोबांचा हा दोष नातू आणि नात या दोघांतही उतरलेला असेल आणि त्यांचाच विवाह झाला, तर प्रत्येक अपत्याच्या बाबतीत चारांत एक वेळ असा संभव राहतो की, दोन्हीकडचा दोष त्याच्यात एकत्र यावा. ज्या घरात अकाली हृद्रोगाचे मृत्यू झाले आहेत, तेथे अशी सोयरीक करण्यापूर्वी दोघांचेही रक्त तपासून घ्यावे. पत्रिकेतील छत्तीस गुण आपण जुळवतो. हा सदतिसावाही पाहावा.

तथापि, प्रत्येकाचे वाढलेले कोलेस्टेरॉल आनुवंशिक नसते. बहुसंख्य घरांत निराळाच प्रकार असतो, आणि त्याचा अभ्यास आपल्याच पुणे जिल्ह्यात झाला ही अभिमानाची गोष्ट होय. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील मातांच्या व बालकांच्या पोषणाचे संशोधन आरंभिले. तेथील नवजात बालके सरासरी सुमारे २.७ किलो वजनाची भरली. इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथील बालके सुमारे साडेतीन किलोंची. आपली बालके हातापायांनी बारीक, स्नायूंनी कमी. परंतु त्यांच्या अंगावरील चरबी मात्र त्या मानाने मुळीच कमी नव्हती. बारीक दिसणारे, पण आतून मेदयुक्त असे हे शरीर होय. पुढे २००४ साली डॉ. याज्ञिक यांनी आपले इंग्रज स्नेही डॉ. युडकिन यांच्यासमवेतचे एक छायाचित्र 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध केले. उंची आणि वजन यांचे प्रमाण दोघांचे अगदी एकच, २२.३. परंतु शरीरातील चरबी इंग्रज डॉक्टरांची ९.१ टक्के आणि आपल्या डॉक्टरांची २१.२ टक्के! काट्यावर दोघे सारखे; आत मात्र केवढे अंतर.

या संशोधनाचा आपण घ्यावयाचा बोध असा की, बारीक असणे हे निरोगीपणाचे प्रमाणपत्र नव्हे. आपल्या लोकांत ट्रायग्लिसराइड वाढलेले, चांगले कोलेस्टेरॉल घटलेले आणि पोटाचा घेर सुटलेला, असा मेळ वारंवार दिसतो. हातपाय काटकुळे आणि सदऱ्याचे पोटावरचे बटण लागत नाही, अशी मूर्ती प्रत्येक गावात आहे. पुरुषाच्या कमरेचा घेर ९० सेंटिमीटरच्या आणि स्त्रीचा ८० सेंटिमीटरच्या वर गेला की सावध व्हावे. शिंप्याची टेप घरात असते. तिला पैसे पडत नाहीत.

आता तपासणीविषयी. गावोगावी सरकारी योजनेतून तीस वर्षांवरील माणसांचा रक्तदाब आणि साखर पाहतात. ती संधी अवश्य घ्यावी. रक्तातील चरबीची तपासणी मात्र बहुधा मुद्दाम सांगून करून घ्यावी लागते. माझे सांगणे असे की, विशी ओलांडलेल्या प्रत्येकाने ती एकदा करावी आणि चाळिशीनंतर डॉक्टरांच्या सल्ल्याने ठरावीक काळाने करीत जावे. पहिल्या तपासणीसाठी उपाशीपोटी जाण्याचा आग्रह आता राहिलेला नाही. ट्रायग्लिसराइड फार वाढलेले दिसले तर उपाशीपोटी पुन्हा करतात. आकडे थोडक्यात सांगतो. एकंदर कोलेस्टेरॉल २०० च्या आत, वाईट कोलेस्टेरॉल १०० च्या आत, ट्रायग्लिसराइड १५० च्या आत. चांगले कोलेस्टेरॉल पुरुषांत ४० च्या आणि स्त्रियांत ५० च्या वर असावे. ज्यांना हृदयविकाराचा झटका येऊन गेला आहे, त्यांचे वाईट कोलेस्टेरॉल ७० च्याही खाली आणावे लागते. आणि ज्याचे ते उपचारावाचून १९० च्या वर असेल, त्याने घराण्यात दोष आहे काय याचा शोध घेतलाच पाहिजे. पापण्यांभोवती पिवळसर चट्टे, टाचेवरच्या जाड शिरेत गाठी, तरुण वयातच बुबुळाच्या कडेला पांढरे वर्तुळ, या त्याच्या खुणा होत. परंतु त्या नसल्या म्हणून दोष नाही असे समजू नये.

आहाराविषयी माताभगिनींना विशेष विनंती आहे, कारण घराची चूल त्यांच्या हाती आहे. आपल्या लग्नकार्यांत पूर्वी वनस्पती तुपाचे डबेच्या डबे रिचवले जात. बुंदी, जिलबी, शंकरपाळे सारे त्यातच. पातळ तेल यंत्राने घट्ट करताना जी चरबी तयार होई, ती वाईट कोलेस्टेरॉल वाढवी आणि चांगले घटवी. म्हणजे दुहेरी घात. सरकारने १ जानेवारी २०२२ पासून तेला-तुपातील अशा चरबीवर दोन टक्क्यांची मर्यादा घातली आहे, हे चांगले झाले. परंतु पाम तेल आणि वनस्पती यांत इतर घट्ट चरबी राहतेच, आणि पुन्हापुन्हा उकळलेल्या कढईतील तेल तर वर्ज्यच मानावे. तेलाच्या पिशवीवर 'कोलेस्टेरॉलमुक्त' असे मोठ्या अक्षरांत छापतात. त्यास भुलू नये. कोणत्याही वनस्पतिज तेलात कोलेस्टेरॉल नगण्यच असते. पाण्याच्या घड्यावर 'दूधमुक्त' लिहिण्यासारखाच तो प्रकार आहे.

आपल्या भागाचे जुने तेल करडईचे. नीरेपलीकडे फलटणला बनबिहारी निंबकर यांनी १९६८ साली स्थापन केलेल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने करडईवर दीर्घकाळ काम करून बिनकाट्याचे संकरित वाणही काढले. करडई, शेंगदाणा, सूर्यफूल, तीळ यांपैकी तेले आलटूनपालटून वापरावीत. मात्र तेल कोणते यापेक्षा किती, हा प्रश्न मोठा आहे. महिन्याला घरात तेल किती आले त्यास माणसांनी भागा. माणशी अर्ध्या लिटरच्या आसपास असावे. घरच्या तुपाला मी शत्रू म्हणत नाही. पुरणपोळीवर चमचाभर घ्यावे. वाटीने ओतू नये. म्हशीच्या दुधावरील साय काढून ठेवावी. निरोगी माणसाने दिवसाला एक अंडे खाल्ल्यास भय नाही. मटणाच्या रश्श्यावरची तर्री मात्र पाहुण्यालाही वाढू नये, आपणही घेऊ नये.

काय टाळावे याहून काय खावे, हे अधिक महत्त्वाचे. ज्वारी-बाजरीची भाकरी, हुलगा, हरभरा, मटकी, घेवडा, मेथी, जवसाची व कारळ्याची चटणी, मूठभर शेंगदाणे; आपल्या आजीच्या ताटात हे सारे होते. कडधान्यांतील आणि मेथीतील चिकट तंतू आतड्यात पित्ताला धरून बाहेर नेतात. मग यकृताला नवे पित्त करण्यासाठी रक्तातले कोलेस्टेरॉल ओढून घ्यावे लागते. हुलग्याच्या माडग्याला गरिबाचे अन्न म्हणून आपण हिणवले, ते चुकले. उलट साखर! आपण साखरेच्या प्रदेशात राहतो, तिच्यावर आपली मुले शिकली; म्हणून दिवसाला सहा कप गोड चहा घेऊन तिचे ऋण फेडण्याचे कारण नाही. गूळही या बाबतीत साखरेचा सख्खा भाऊच आहे.

व्यायामासाठी दूर जाण्याची गरज नाही. आषाढवारीत तुकोबारायांची पालखी बेलवाडीचे रिंगण करून आपल्या अंथुर्ण्याच्या मुक्कामी येते, तेव्हा साठी-सत्तरीचे वारकरी पावसात चिखल तुडवीत चालताना आपण पाहतो आणि त्यांच्या पायांवर डोके ठेवतो. आपली मुले मात्र वेशीपर्यंत जाण्यासही मोटारसायकल काढतात. रोज तीस-चाळीस मिनिटे झपझप चालण्याने ट्रायग्लिसराइड उतरते, पोट उतरते, चांगले कोलेस्टेरॉल थोडे वाढते. तंबाखू आणि बिडी-सिगारेट यांविषयी एकच वाक्य पुरे: ज्याच्या रक्तात चरबी वाढलेली आहे, त्याने ती ओढणे म्हणजे पेटत्या गंजीवर रॉकेल ओतणे होय. मिसरीसुद्धा तंबाखूच आहे, हे भगिनींनी विसरू नये.

येथवर ऐकून कोणी म्हणेल की, पथ्याने सारे ठीक होईल. पुष्कळांचे होईलही. परंतु प्रामाणिकपणे सांगावयाचे तर आहाराने वाईट कोलेस्टेरॉल सामान्यतः दहा-पंधरा टक्के उतरते. माझ्या पुतण्याने सहा महिने कडक पथ्य केले. २२४ चे १९८ झाले. ज्याची निम्मी दारे जन्मतःच बंद आहेत, त्याला औषध लागतेच. जपानातील अकिरा एंडो हे शेतकरी कुटुंबात वाढलेले शास्त्रज्ञ. त्यांनी सहकाऱ्यांसह हजारो बुरशी तपासून १९७३ साली तांदळावरील बुरशीतून एक द्रव्य शोधले; त्यातून पुढे स्टॅटिन वर्गाची औषधे निघाली. त्यांपैकी पहिले १९८७ साली अमेरिकेत विक्रीस आले. एंडो २०२४ साली वारले. त्यांच्यामुळे किती घरांतील कुंकू टिकले याची गणना नाही. हे औषध यकृतातील कोलेस्टेरॉलचे उत्पादन आवरते. मग यकृतास गरज पडून ते आपल्या भिंतीवर अधिक दारे उघडते आणि रांगेतल्या गाड्या भराभर आत घेते. काहींना स्नायू दुखण्याचा त्रास होतो. तो डॉक्टरांस सांगावा, औषध किंवा मात्रा बदलता येते. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी ते घेऊ नये. गर्भ राहावा असे मनात असल्यास आधीच डॉक्टरांस विचारावे.

सर्वांत मोठी चूक घडते ती निराळीच. रक्ताचा अहवाल चांगला आला की लोक म्हणतात, "आता बरे झालो," आणि गोळी सोडतात. अहवाल चांगला आला तो गोळीमुळे. छपरावर पत्रे घातले, घर गळेनासे झाले, म्हणून पत्रे काढून ठेवावेत काय? लसणाचा काढा, आल्यालिंबाचा रस, मेथीचे पाणी यांची टिपणे हातोहात फिरतात. पदार्थ म्हणून ते खुशाल घ्यावेत. गोळीच्या जागी घेऊ नयेत.

आणि एवढे करूनही एखाद्याच्या छातीत दडपण आले, डावा हात, जबडा किंवा पाठ दुखू लागली, दरदरून घाम सुटला, तर त्याला पित्त म्हणू नका. लिंबू-सोडा शोधू नका. रोग्याला चालवू नका. तात्काळ १०८ क्रमांकास दूरध्वनी करा, किंवा मिळेल त्या वाहनाने हृदयाची चित्रलहरी काढता येईल अशा रुग्णालयात न्या. वाहिनीतील गुठळी विरघळविण्याचे औषध पहिल्या तास-दोन तासांत जितके गुण देते, तितके नंतर देत नाही. आमच्या घरी ते दोन तास लिंबू पिळण्यात गेले. दुसऱ्या कोणाच्या घरी ते जाऊ नयेत.

आता शेवटचे मागणे. आपले मंडळ कुटुंबसूची छापते. तीत नाव, गोत्र, मूळ गाव, शिक्षण, व्यवसाय असे रकाने असतात. वंशावळी तर आपण सात-सात पिढ्यांच्या सांगतो. परंतु त्या पिढ्यांतील माणसे कोणत्या वयात आणि कशाने गेली, हे कोठेच लिहिलेले नसते. ते फक्त एखाद्या आत्याबाईंच्या स्मरणात असते आणि तेही तेराव्याच्या दिवशी बाहेर येते. माझी विनंती अशी की, घरी गेल्यावर प्रत्येक कुटुंबाने एक वही करावी. आजी-आजोबा, आई-वडील, काका, मामा, आत्या, मावशी यांतील कोण कोणत्या वयात गेले, छातीत कळ येऊन गेले काय, अर्धांग झाले काय, मधुमेह होता काय, एवढे लिहावे. पुरुष पंचावन्नच्या आत किंवा स्त्री पासष्टच्या आत हृद्रोगाने आजारी पडलेली वा गेलेली असेल, तर त्यांच्या सख्ख्या भावाबहिणींचे आणि मुलांचे रक्त याच महिन्यात तपासावे. हा दोष असलेल्याच्या मुलांची तपासणी तर पाच ते दहा वर्षांच्या वयातच करतात.

ही वही घरातच राहावी. छापील सूचीत ती घालू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. कोणा मुलीची सोयरीक मोडण्याकरिता तिचा उपयोग होता कामा नये. ज्या दोषावर इलाज आहे, तो लपवावयाचे कारण नाही आणि त्यावरून कोणास हिणवण्याचे तर मुळीच नाही. दोष कळलेला जावई हा न कळलेल्या जावयाहून अधिक भरवशाचा, असे मी वैद्य या नात्याने सांगतो.

माझा पुतण्या गेली कित्येक वर्षे रोज रात्री एक गोळी घेतो, कालव्याच्या कडेने चालतो आणि वर्षातून एकदा रक्त तपासून मला आकडा कळवतो. आज तो वयाने आपल्या वडिलांहून मोठा आहे. आमच्या घराण्यात तीन पिढ्यांनी हे प्रथमच घडले. आपणांपैकी ज्या घरांत असेच घडावयास हवे, त्यांनी आत्याबाईंना आजच विचारावे, एवढी प्रार्थना आहे.